आकृतिबंध : वारली चौकापासून संगणकाच्या पडद्यापर्यंत

उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपणांस :
• आकृतिबंध ही संकल्पना स्पष्ट करता येईल.
• वारली चित्रातील आकृतिबंधाचे कार्य सांगता येईल.
• संगणकीय पुनरावृत्तीने निर्माण होणाऱ्या प्रश्नांची चर्चा करता येईल.

१. संकल्पना

विद्यार्थी मित्रहो, केवळ पुनरावृत्ती म्हणजे आकृतिबंध नव्हे. काही घटक स्थिर राहतात, काही बदलतात आणि त्या बदलालाही नियम असतो, तेव्हा आकृतिबंध सिद्ध होतो. ओवीचा छंद, रांगोळीचे ठिपके, पैठणीचा काठ ही त्याची परिचित उदाहरणे होत.

२. गंजाडचे उदाहरण

डहाणू-तलासरी परिसरातील वारली चित्रात टोकाशी जोडलेले दोन त्रिकोण म्हणजे मनुष्यदेह. त्रिकोण थोडे कलले की तोच देह नाचतो, लावणी करतो, ओझे वाहतो. चित्रकार अल्प खुणा देतो. उरलेले पाहणाऱ्याचे मन पूर्ण करते. अपुऱ्या खुणांतून पूर्णाकृती ओळखणे हा मानवी विचाराचाच धर्म आहे.

या चित्राचे मूळ स्थान घराची भिंत. गेरूने सारवलेल्या भिंतीवर सवासिनी तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक लिहितात. चौकात पालघट देवी असते. चौकाविना विवाहविधी पुरा होत नाही. म्हणजेच येथे आकृतिबंध शोभेपुरता नाही, तो विधीचा भाग आहे.

१९७० च्या दशकाच्या आरंभी भास्कर कुलकर्णी यांच्या प्रयत्नांतून ही चित्रे कागदावर आली. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८) यांनी स्त्रियांकडे असलेली ही कला स्वतंत्र चित्र म्हणून विकसित केली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या मासेमारीच्या जाळ्याच्या चित्रांत असंख्य बारीक रेषा एकच क्रिया करतात, तरी कोणतीही रेषा दुसरीसारखी तंतोतंत नसते.

३. संगणकीय आकृतिबंध

संगणक त्रिकोणाचे बिंदू, कोन आणि प्रमाण अंकांत साठवतो. त्यामुळे एक आकृती हजार वेळा, तसूभरही फरक न होता, उमटते. चित्रे निर्माण करणाऱ्या प्रणाली तर असंख्य चित्रांतील नियमितता शोधून ‘वारलीसारखे’ नवे चित्र देतात. नियम त्यांच्या हाती लागतो. प्रसंग लागत नाही. कपावर छापलेला चौक कोणाच्याही लग्नाचा नसतो.

मात्र माध्यम बदलले म्हणजे कला भ्रष्ट झाली, असा निष्कर्ष घाईचा ठरेल. भिंतीवरून कागदावर येणे हाही बदलच होता. परंतु तेथे हात वारली चित्रकाराचा होता आणि चित्राबरोबर त्याचे नावही गेले. खरा प्रश्न निर्णय कोणाचा, नाव कोणाचे आणि मोबदला कोणाला, हा आहे. वारली चित्रकलेस भौगोलिक मानांकन लाभले आहे. परंतु मानांकन प्रामुख्याने नावाचे रक्षण करते, नाव न घेता उचललेल्या आकृतीचे नव्हे.

सारांश

आकृतिबंधात नियम, हात आणि प्रसंग एकत्र येतात. तंत्रज्ञान नियम जपते. उरलेल्या दोहोंची जबाबदारी समाजावर राहते.

स्वयं-अध्ययन प्रश्न

१. पुनरावृत्ती व आकृतिबंध यांतील भेद सोदाहरण स्पष्ट करा.
२. आपल्या परिसरातील एखादा आकृतिबंध निवडून त्यातील स्थिर व बदलते घटक नोंदवा.