अर्जुन बोलला, आपण बाबा लोक का बोलत नाही?



आजचं वाचन : भगवद्गीता, अध्याय १, श्लोक २८ ते ४७ आणि अध्याय २, श्लोक १ ते ११. आधी वाचून घ्या, दहा मिनिटंही लागणार नाहीत. मग इथं या.

आजचं चिंतन मी बरेच दिवस टाळत होतो. नामस्मरणावर लिहिणं सोपं, एकादशीवर लिहिणं सोपं. स्वतःच्या घरावर लिहिताना मात्र बोटं अडतात. पण गेल्या आठवड्यात एका वाचकानं विचारलं, "दादा, घरात सतत टेन्शन असेल तर साधना कशी टिकवायची?" तेव्हा ठरवलं, आता खरं उत्तर द्यायचं.

माझा मुलगा सात वर्षांचा आहे. तो साडेतीन वर्षांचा असताना डॉक्टरांनी ऑटिझमचं निदान केलं. मराठीत याला स्वमग्नता म्हणतात. तो मोजकेच शब्द बोलतो. फिरता पंखा तासभर बघू शकतो. लिफ्टचे आकडे त्याला तोंडपाठ आहेत. मिठी मात्र तो स्वतःच्या मर्जीनं मारतो, आणि मारली की जग थांबतं. मुलावर माझं प्रेम किती, हा प्रश्न कधीच नव्हता. प्रश्न माझाच होता.

पार्किंगमधली चाळीस मिनिटं

मधे काही महिने असे गेले की ऑफिसमधून आल्यावर मी सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी बंद करून नुसता बसून राहायचो. आधी दहा मिनिटं, मग वीस, मग चाळीस. बायकोचा फोन यायचा, "कुठं पोचलास?" मी म्हणायचो, "ट्रॅफिक आहे." दोन मजले वर ती एकटीच मुलाला सांभाळत असायची आणि मी खाली अंधारात बसून खोटं बोलत असायचो.

रात्री झोप नाही. पाठ सतत दुखायची. ऑफिसात कुणी साधं विचारलं तरी अंगावर जायचो. जप चालू होता, पण फक्त बोटं माळेवरून फिरायची. कुणी विचारलं तर ठरलेलं उत्तर : "मजेत."

मग आषाढी आली. सोसायटीत छोटी दिंडी निघाली. मला फार हौस, लेकाला धोतर-टोपी घालून घेऊन गेलो. टाळ-मृदंग सुरू झाले तसे त्यानं कान गच्च दाबले आणि जमिनीवर लोळण घेऊन किंचाळायला लागला. ऑटिझम असलेल्या बऱ्याच मुलांना आवाज, उजेड, गर्दी सहन होत नाही. तो हट्ट नसतो, तो त्रास असतो. हे मला पाठ होतं. पण मागून कुणीतरी म्हणालं, "शिस्तच नाही लावली." आणि मी त्याचा दंड धरून त्याला ओढत घरी नेलं. इतका जोरात, की माझी बोटं उमटली.

त्या रात्री झोपताना त्यानं तोच हात माझ्या हातात दिला. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडलो.

अर्जुनाची यादी

सवयीनं पहाटे गीता उघडली. नेहमी पहिला अध्याय मी भरभर उरकायचो. खरं ज्ञान दुसऱ्या अध्यायापासून, असं आपण मानतो ना? त्या दिवशी पहिल्यातच अडकलो.

अर्जुन काय सांगतोय बघा. हातपाय गळाले आहेत, तोंडाला कोरड पडली आहे, अंग थरथरतंय, हातातून धनुष्य निसटतंय, कातडी जळतेय, उभं राहवत नाही, मन गरगरतंय. म्हणजे आधी शरीराची लक्षणं आणि मग मनाची. डॉक्टरांपुढं बसलेला पेशंट याहून वेगळं काय सांगतो? आणि हा कोण, तर त्या काळातला सगळ्यात कणखर धनुर्धर. दोन्ही सैन्यांच्या मधोमध तो हे बोलतोय.

माउलींनी ज्ञानेश्वरीत इथं भुंग्याचा दृष्टांत दिला आहे. जो भुंगा कोरडं लाकूड सहज पोखरतो, तोच कमळाच्या कोवळ्या कळीत अडकतो. प्राण जाईल, पण ती पाकळी त्याला फाडवत नाही. स्नेह मऊ असतो, म्हणूनच तो कठीण. मंडळी, हा भुंगा म्हणजे आपण बाबा लोक. ऑफिसातलं कितीही मोठं संकट आपण रात्रभर जागून निस्तरतो. आणि घरी एका कोवळ्या जिवापुढं हतबल होतो. याला दुबळेपणा कसं म्हणायचं?

याच अध्यायात आणखी एक बाप आहे. गीतेतला पहिलाच श्लोक धृतराष्ट्राचा, म्हणजे गीता एका बापाच्या प्रश्नानं सुरू होते. तो संजयाला रणांगणावरची बातमी विचारतो. पुढं साऱ्या गीतेत तो एक शब्दही बोलत नाही. मनात काय चाललंय ते सांगत नाही. एकाच अध्यायात दोन माणसं : एक स्वतःबद्दल गप्प बसलेला, एक मन मोकळं करणारा. गीता ऐकली दोघांनी. बदलला कोण, हे आपल्याला ठाऊक आहे.

रागावून काम झालं नाही

आता तुम्ही म्हणाल, पण दुसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीला कृष्ण त्याला झापतोच की! हे मर्दाला शोभत नाही, मनाचा दुबळेपणा टाक आणि ऊठ, अशा अर्थाचं बोलतो. हो, बोलतो. आपल्यालाही सगळे हेच ऐकवतात. "तू पुरुष आहेस, तूच खचलास तर कसं?"

पण पुढं काय होतं ते नीट वाचा. त्या बोलण्यानं अर्जुन उठतो का? नाही उठत. तो आपलं दुःख आणखी सांगतो. सातव्या श्लोकात तो म्हणतो की माझं मन गोंधळलंय, मला काही सुचत नाही, मी तुझा शिष्य आहे, तूच सांग. नवव्या श्लोकात तर लढणार नाही म्हणून गप्प बसतो. आणि खरा उपदेश सुरू होतो तो त्यानंतर, अकराव्या श्लोकापासून. मग तो अठराव्या अध्यायापर्यंत चालतो.

मला त्या पहाटे जे दिसलं ते इतकंच : "खंबीर हो" या वाक्यानं अर्जुन सावरला नाही. "मला जमत नाहीये, मला मदत कर" हे त्यानं स्वतःच्या तोंडानं म्हटलं, तिथून गीता सुरू झाली. म्हणूनच तर त्या पहिल्या अध्यायाचं नाव अर्जुनविषादयोग आहे. विषादसुद्धा योग होऊ शकतो. पण तो कुणापुढं तरी मांडला तर. पार्किंगमध्ये कोंडून ठेवला तर तो नुसताच विषाद.

माझा सारथी

मुलाच्या थेरपी सेंटरच्या बाकावर बहुतेक आयाच असतात. शनिवारी आम्ही दोघं-तिघं बाप. त्यातले एक रिक्षा चालवतात, त्यांची मुलगी नऊ वर्षांची आहे. दोन वर्षं आमचं बोलणं म्हणजे पाऊस आणि क्रिकेट. त्या शनिवारी त्यांनीच विचारलं, "साहेब, झोप होते का नीट?"

मी म्हटलं, "होते की."

ते म्हणाले, "माझी होत नव्हती. आठ महिने झाले, गोळ्या चालू आहेत. मानसोपचारवाल्या डॉक्टरांच्या. आता पोरीवर हात उगारत नाही."

एवढंच. मला एकदम गलबलून आलं. मी त्यांना दिंडीचं सांगितलं, दंडावरच्या बोटांचं सांगितलं. त्यांनी उपदेश केला नाही. म्हणाले, "डॉक्टरांचा नंबर देऊ का?" त्याच संध्याकाळी मी बायकोला पार्किंगचं खरं सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मला वाटलं, तुला घरीच यायचं नसतं." म्हणजे माझ्या गप्प बसण्यानं ती एकटी पडली होती.

डॉक्टरांनी मला नैराश्य असल्याचं सांगितलं. पुरुषांमध्ये ते पुष्कळदा रडण्यातून दिसत नाही. ते चिडचिडीतून, जास्तीच्या कामातून, मोबाइलमध्ये किंवा दारूत तोंड लपवण्यातून, अंगदुखीतून दिसतं. दोन आठवडे जवळजवळ रोज मन उदास असेल किंवा कशातच गोडी वाटत नसेल, तर थांबू नका, डॉक्टरांना भेटा. जप सोडायचा नाही, आणि जप चालू आहे म्हणून औषध टाळायचं नाही.

"मागच्या जन्मीचं काहीतरी असेल"

हे वाक्य आम्ही खूप ऐकलं, देवळातसुद्धा. आज स्पष्ट सांगतो. कृष्णानं अर्जुनाला असं सांगितलं नाही की तुझं हे दुःख म्हणजे तुझ्या जुन्या पापाची शिक्षा. त्यानं त्याला आत्ता समोर काय आहे ते दाखवलं.

विज्ञानही दोष देत नाही. ऑटिझमचा संबंध मेंदूच्या जन्माआधीपासूनच्या घडणीशी आहे आणि त्यात आनुवंशिकतेचा मोठा वाटा आहे. एके काळी आईबाप थंड वागतात म्हणून असं होतं, असं मोठे डॉक्टरही म्हणायचे. ते मत केव्हाच मोडीत निघालं. लशीवर आरोप करणारा १९९८ चा शोधनिबंधही २०१० मध्ये मागे घेतला गेला. रात्री दोन वाजता मोबाइलवर "माझं काय चुकलं" शोधत बसलेल्या प्रत्येक बाबाला सांगतो : तुझं काही चुकलेलं नाही. झोप आता.

आचरणात कसं आणायचं?

१. झोप. सहाव्या अध्यायातले सोळा आणि सतरा हे श्लोक वाचा. खाणं, झोप, काम यांत प्रमाण नसेल तर योग साधत नाही, असं भगवंत सांगतात. ऑटिझम असलेल्या अनेक मुलांना झोपेचा त्रास असतो, मग आईबापांची झोप उडते. आम्ही रात्री वाटून घेतल्या. एक रात्र तिची, एक माझी. साधी गोष्ट, पण मला माणसात आणलं ते यानं.

२. भीतीला कागदावर आणा. "माझ्यानंतर याचं काय?" हा प्रश्न बापाला आतून खातो. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ऑटिझमचा समावेश आहे. मूल अठरा वर्षांचं झाल्यावर कायदेशीर पालक नेमायची सोय त्यात आहे. न्यासाच्या निरामय योजनेत एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा मिळतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही ऑटिझम आहे. प्रमाणपत्र काढा, योजनांची चौकशी करा. काळजी संपत नाही, पण तिला काम मिळतं.

३. एक माणूस. ज्याच्यापुढं "मजेत" म्हणावं लागत नाही असा एक तरी. कुणीच नसेल तर सरकारची टेलिमानस सेवा आहे. १४४१६ या नंबरवर फोन करा. सेवा मोफत आहे, दिवसरात्र चालू असते, मराठीतही बोलता येतं. स्वतःला किंवा मुलाला इजा करावी असं मनात आलं, तर त्याच क्षणी फोन करा, घरातल्या कुणाला तरी जवळ बोलवा.

४. आणि तुमच्यापैकी जे अजून बाबा नाहीत त्यांच्यासाठी. तुमच्या मित्राला, भावाला, सहकाऱ्याला असं मूल असेल तर "स्ट्राँग राहा" म्हणू नका. "झोप होते का?" एवढं विचारा. आणि उत्तर येईपर्यंत थांबा.

यंदाच्या आषाढीला लेकाच्या कानावर मोठे हेडफोन होते. आम्ही दिंडीच्या बरोबर नाही, बरेच मागून चाललो. पाच मिनिटंच. मग तो घराकडं वळला, तसा मीही वळलो. लिफ्टमध्ये त्यानं आपल्या मजल्याचं बटण दाबलं आणि आकडा मोठ्यानं म्हटला. सगळे दिवस असे जात नाहीत. कालच एक ताट भिंतीवर गेलं. पण आता गाडी लावली की मी वर जातो. एखाद्या दिवशी नाही जाववत, तेव्हा बायकोला तसा खरा मेसेज करतो, "खाली आहे. दहा मिनिटं दे."

आज स्वतःला विचारा

कुठल्या गोष्टीबद्दल मी "मजेत" म्हणून खोटं बोलतोय?
माझा विषाद मी कुणापुढं मांडला आहे?
माझ्या ओळखीचा कुठला बाबा सध्या गप्प झाला आहे?

आजची प्रार्थना

पांडुरंगा, मला खंबीर कर असं आज मागत नाही. मला खरं बोलायची बुद्धी दे. माझ्या लेकाला जग समजायला वेळ लागतो, आणि मला तो समजायला. तोवर आम्हा दोघांचा हात सोडू नकोस.

राम कृष्ण हरी.