घरातला फोन कमी करताना

घरातला इंटरनेटचा वापर कमी करण्याची सुरुवात बहुतेक ठिकाणी मुलांपासून होते आणि तिथेच ती फसते. आईने फोन काढून घेतला की मूल आजीकडे जाते, आजीने नाही म्हटले की काकाकडे. खानदेशातल्या बोदवडसारख्या तालुक्याच्या गावात फोन सरसकट बंद ठेवणे तसेही जमण्यासारखे नाही. नळाला पाणी कधी सुटणार याचा निरोप व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर येतो. कापसाचा, मक्याचा भाव तिथेच कळतो, शाळेचा गृहपाठही तिथेच येतो. पिकाची नोंद २०२१पासून ई-पीक पाहणीच्या अ‍ॅपवर करायची असते आणि भुसावळकडे जाणारी गाडी किती लेट आहे हे स्टेशनची वाट धरण्याआधी फोनवरच पाहतात. तेव्हा घराने शोधायचे ते एवढेच, की कामासाठी उचललेला फोन काम झाल्यावर खाली का ठेवला जात नाही.

एक कारण रिचार्जमध्ये आहे. ५ सप्टेंबर २०१६ला जिओ सुरू झाले आणि पुढे रोज ठरावीक जीबी देणारे पॅक सगळीकडे रूढ झाले. त्या दिवसाचा उरलेला डेटा रात्री बाराला जातो, दुसऱ्या दिवशी मिळत नाही. शिळ्या भाकरीचाही कुस्करा करून संपवणाऱ्या घरात हे वाया जाणे सोसवत नाही. ‘पैसे तर भरलेलेच आहेत’ असे म्हणत अकरा वाजता अंथरुणात उरलेला डेटा संपवायला घेतला जातो. कंपन्यांनी हे मुद्दाम केले असो वा नसो, परिणाम तोच.

दुसरे कारण पडद्यावरच्या रचनेत आहे. जून २०२०मध्ये टिकटॉकवर बंदी आली. त्याच वर्षी इन्स्टाग्रामचे रील्स आणि यूट्यूबचे शॉर्ट्स भारतात आले. टाळेबंदीमुळे शाळेनेच मुलांच्या हाती फोन दिला होता, तेही त्याच काळात. एक व्हिडिओ संपला की दुसरा आपोआप सुरू होतो, त्यामुळे थांबायची जागाच उरत नाही. हे फक्त मुलांचे होते असे नाही. आजी कीर्तन लावून वाती वळत बसते. कीर्तन संपून मधेच कुणाच्या तरी सासू-सुनेचे भांडण सुरू झालेले असते, वातींचा ढीग तसाच पडलेला असतो आणि आजीची नजर पडद्यावरून हलत नाही.

महाराष्ट्रात यावर गावपातळीवर झालेला सर्वांत परिचित प्रयोग सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावचा. कडेगाव तालुक्यातल्या या गावाने १५ ऑगस्ट २०२२पासून संध्याकाळी सात ते साडेआठ टीव्ही आणि मोबाईल बंद ठेवायचे ठरवले. सरपंच विजय मोहिते यांच्या पुढाकाराने आदल्या दिवशी महिलांची सभा झाली होती, आणि आपणही मालिकांत गुंततो हे तिथे बायकांनी स्वतःच बोलून दाखवले. भैरवनाथाच्या मंदिरावर भोंगा बसवला. सुरुवातीला पुरुषांनी हसण्यावारी नेले. मग आशा सेविका, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी आणि निवृत्त शिक्षक घरोघरी फिरले. त्याच वर्षी नोव्हेंबरात यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसद तालुक्यात बांशीच्या ग्रामसभेने वेगळा ठराव केला, तो अठरा वर्षांखालच्या मुलांना मोबाईलबंदीचा. दोन्ही ठरावांमागची कळकळ एकच आहे, पण घरात उचलायचा नमुना वडगावचा. तिथला नियम घड्याळाला बांधलेला आहे आणि आजोबांपासून नातवापर्यंत सगळ्यांना सारखा आहे. बंदीत मोठा माणूस पहारेकरी होतो, आणि पहारेकऱ्याच्याच हातात फोन असतो.

बोदवडातल्या घराला मात्र सातचा मुहूर्त सोसत नाही, हे प्रस्तुत लेखकाच्या घरच्या अनुभवावरून सांगता येते. वेचणीच्या दिवसांत माणसे शेतातून येऊन हातपाय धुईपर्यंत सात वाजून जातात, दुकानदाराचे गिऱ्हाईक तेव्हाच असते. ताट वाढल्यापासून झोपेपर्यंतचा वेळ धरला तर तो पाळला जातो. त्याआधी मोठ्या माणसाने गृहपाठ फोनवरून वहीत उतरवून घ्यावा. ‘गृहपाठ बघतो’ हे फोन मागण्याचे सर्वांत सभ्य निमित्त असते. घरच्या कर्त्याचे ‘फक्त भाव पाहतो’ हेही त्याच जातीचे, आणि नियम पहिल्यांदा मोडतो तो बहुधा इथेच. रात्री भाव पाहून कापूस काही रात्री विकायचा नसतो.

फोन ठेवायची जागा ठरलेली हवी, आणि चार्जर तिथेच हवा. बैठकीतल्या एकाच बोर्डावर सगळे फोन लावायचे. आवाज चालू ठेवला की तातडीचा फोन आला तर ऐकू येतो, त्यामुळे ‘कुणाचे काही झाले तर’ ही अडचण राहत नाही. झोपण्याच्या खोलीत गजराचे साधे घड्याळ आणावे. ते नसले तर गजराच्या नावाने फोन उशाशी येतोच. खानदेशात उन्हाळा हा नियमाच्या कसोटीचा काळ. पारा पंचेचाळीसला टेकला की गाद्या गच्चीवर जातात, पाण्याचा तांब्या जातो आणि पाठोपाठ फोनही. वर अंधार असतो, कोण काय पाहते ते कळत नाही. फोन जिन्याच्या खाली राहील एवढे त्या दोन-तीन महिन्यांत सांभाळले तर पावसाळ्यात वेगळे काही करावे लागत नाही.

सुरुवातीचे काही दिवस वाईट जातात. मुले चिडतात, मोठे उगाच दार उघडून बाहेर जाऊन येतात. रिकामा वेळ हाताला काम मागतो. तुरीच्या किंवा भुईमुगाच्या शेंगा सोलायला घेणे, पत्ते, कॅरम, दुसऱ्या दिवसाची भाजी निवडणे, काहीही चालते. वाचनाचा आग्रह लगेच धरू नये. त्याने फोन जितका नकोसा व्हायला हवा, त्याहून पुस्तक जास्त नकोसे होते.

फोनमधल्या सोयी त्यानंतर. यूट्यूबचे ऑटोप्ले बंद करावे, फोन आणि मोजके संदेश सोडून बाकीच्या सूचना बंद कराव्यात. वायफाय असेल तर राउटरचे बटण हाताने बंद करणे सर्वांत सोपे. आजी-आजोबा फक्त बोलण्यासाठी फोन वापरत असतील तर त्यांना डेटाचा पॅक लागतच नाही. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, डिसेंबर २०२४मध्ये केवळ कॉल आणि एसएमएसचे रिचार्ज देणे कंपन्यांना बंधनकारक केले आहे. दुकानदार आपणहून ते सुचवत नाही, मागावे लागते. अगदी लहान मुलांपुरता जागतिक आरोग्य संघटनेचा २०१९चा सल्ला स्पष्ट आहे. एक वर्षाच्या आत पडदा नको, दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाला तासापेक्षा जास्त नको. घास भरवण्यासाठी फोन समोर धरणे आधी सुटले पाहिजे, कारण त्यात आपण किती खाल्ले हे मुलालाही कळत नाही.

काही वेळा गोष्ट घरच्या नियमाच्या पलीकडे गेलेली असते. मूल रात्र-रात्र जागते, शाळा सोडते, फोन काढला की अंगावर येते. मोठा माणूस पैसे लावून खेळायच्या खेळात कर्ज करून बसतो. अशा ऑनलाइन खेळांवर ऑगस्ट २०२५च्या केंद्रीय कायद्याने बंदी आली असली तरी आधीचे कर्ज आणि सवय कायद्याने जात नाही. इथे रागावून, मारून किंवा फोन फोडून उपयोग होत नाही. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये अशा रुग्णांसाठी २०१४पासून वेगळे क्लिनिक आहे. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राकडेही चौकशी करता येते. इतक्या लांब जाण्याआधी टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर बोलून पाहावे. केंद्र सरकारची ही मोफत सेवा ऑक्टोबर २०२२पासून चालू आहे, चोवीस तास मिळते आणि तिथे मराठीत बोलता येते.