पाकिटावरचा गोल शिक्का

तुमच्या घरात एखादी जुनी ट्रंक असेल. ट्रंक नसली तर फळीवर एखादा पत्र्याचा डबा असेल. त्यात सातबाऱ्याचे उतारे, रेशनकार्ड, लग्नपत्रिका आणि जुनी पत्रे असतात. पत्रे आपण जपतो. पाकिटाकडे मात्र कुणी पाहत नाही. पत्र वाचून झाले की पाकीट चुलीत जाते, नाहीतर त्याच्या पाठीवर दुधाचा हिशेब मांडला जातो.

आज आपण पाकीट वाचायला शिकू. आतले पत्र नव्हे, बाहेरचे पाकीट. काही माणसे अशी पाकिटे हौसेने जमवतात. ती का जमवतात, तेही पाहू.

पाकिटाच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात तिकीट चिकटवलेले असते. त्यावर काळा गोल शिक्का असतो. नीट पहा. शिक्का निम्मा तिकिटावर आणि निम्मा पाकिटावर पडलेला दिसेल. असा का मारतात? तेच तिकीट सोडवून पुन्हा कुणी वापरू नये म्हणून. तिकीट म्हणजे टपालाचे भाडे भरल्याची पावतीच. १८४० साली इंग्लंडात जगातले पहिले चिकटवायचे तिकीट निघाले. त्याआधी तिकडे पत्राचे पैसे बहुधा पत्र घेणाऱ्यालाच भरावे लागत. आपल्या देशात १८५२ साली सिंध प्रांतात पहिली तिकिटे निघाली, आणि १८५४ साली साऱ्या हिंदुस्थानसाठी निघाली.

आता शिक्का वाचू. गोलाच्या कडेने गावाचे नाव असते. पुष्कळ शिक्क्यांत ते वर नागरीत आणि खाली इंग्रजीत असते. मधे तारीख, महिना आणि वर्ष असते. नागरीतले नाव हिंदी पद्धतीने लिहितात. म्हणून 'सोलापूर'च्या जागी 'सोलापुर' असे दिसेल. ती चूक नव्हे बरे का! आकडे इंग्रजी असतात. पण ते तुम्ही मोबाइलवर रोज दाबता, म्हणजे ते तुम्हाला आलेच.

म्हणजे पहा, या एवढ्याशा गोलात दोन गोष्टी सापडतात. पत्र कुठून निघाले आणि केव्हा निघाले. पत्र लिहिणारा गावाचे नाव घालायला विसरेल, तारीख विसरेल, किंवा मुद्दामच घालणार नाही. शिक्का विसरत नाही.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. माझ्या हातून एक चूक झाली, तिच्यामुळे शिकलो. ती सांगतो.

१९७७ साल होते. मी वीस वर्षांचा होतो. माण तालुक्यातल्या एका गावी नुकताच शिक्षक म्हणून लागलो होतो. गावात एक विधवा म्हातारी होती. तिला सगळे आक्का म्हणत. तिचा एकुलता एक पोरगा चुलत्याशी भांडून घरातून निघून गेला होता. कुठे गेला ते कुणालाच ठाऊक नव्हते. चार महिन्यांनी त्याचे पत्र आले. आक्काला वाचता येत नव्हते. ती पत्र घेऊन थेट शाळेत आली.

मी वाचून दाखवले. चार ओळी होत्या. मी खुशाल आहे, काम मिळाले आहे, काळजी करू नये, एवढेच. पत्ता नव्हता. मला कुणी न्यायला येऊ नये, असे त्याच्या मनात असावे. आक्काने तेच पत्र माझ्याकडून तीन वेळा वाचून घेतले.

मला त्या वेळी तिकिटे जमवायचा भारी नाद होता. पाकिटावर बारशिंग्याचे सुंदर तिकीट होते. बारशिंगा म्हणजे दलदलीच्या गवतात राहणारे मोठे हरिण. त्याच्या शिंगांना दहा-बारा फाटे फुटतात. १९७० च्या सुमारास कान्ह्याच्या जंगलात हे प्राणी शंभराच्याही आत आले होते. पुढे सरकारने आणि जंगल खात्याने ते जपून वाढवले. १९७६ साली टपाल खात्याने त्याचे पंचवीस पैशांचे तिकीट काढले होते.

मी म्हणालो, "आक्का, हे तिकीट मला द्याल का?"

"घ्या की गुरुजी. मला काय करायचंय त्याचं?"

मी कात्रीने कोपरा कापला. तिकीट पाण्यात भिजवले, सोडवले, सुकवले आणि वहीत लावले. पत्र आक्काला परत दिले. पाकीट फाटलेच होते, ते केराच्या टोपलीत टाकले.

महिन्याने आक्काचा भाऊ मुंबईहून आला. दोघे शाळेत आले. तो म्हणाला, "गुरुजी, पत्र कुठून आलं तेवढं सांगा. मी जातो आणि पोराला घेऊन येतो."

मी वही उघडली. बारशिंग्याच्या अंगावर शिक्क्याचा उजवा भाग होता. त्यात नागरीत दोनच अक्षरे होती, 'पुर'. डावा भाग पाकिटावर राहिला होता, आणि पाकीट केव्हाच जळून गेले होते. 'पुर' म्हणजे कोणते? कोल्हापूर, सोलापूर, नागपूर, चंद्रपूर, जबलपूर, कानपूर! आपल्या देशात पुरांना काय तोटा?

मी त्यांना म्हणालो, "शिक्का नीट उमटलेला नाही." ते खोटे होते. शिक्का चांगला उमटला होता. मीच तो कापला होता.

आक्काचा भाऊ आधी कोल्हापूरला गेला, मग सोलापूरला गेला. आठ दिवसांचा रोज बुडवून हात हलवत परत आला. पोरगा दीड वर्षाने आपण होऊन घरी आला. तो रायपूरला एका भाताच्या गिरणीत कामाला होता. रायपूर तेव्हा मध्य प्रदेशात होते, २००० सालापासून ते छत्तीसगड राज्यात आहे. आक्काने मला कधी बोल लावला नाही. काय घडले ते तिला कळलेच नव्हते.

त्या दिवसापासून मी तिकिटे कापायचे सोडले. पाकीट येईल तसे अख्खे ठेवू लागलो. पुढे कळले की जाणते संग्राहकही तेच करतात. तिकीट, शिक्का आणि पाकीट ही तिन्ही एकत्र असली, तरच त्या वस्तूला पुरता अर्थ येतो.

आता या छंदाकडे वळू. टपाल खाते नवे तिकीट काढते, त्या दिवशी एक खास पाकीटही काढते. त्यावर त्या विषयाचे चित्र असते. नवे तिकीट लावून त्याच दिवसाचा खास शिक्का त्यावर मारतात. पाकिटावर 'प्रथम दिवस आवरण' असे छापलेले असते. आवरण म्हणजे पाकीट. दुसरा प्रकार विशेष पाकिटाचा. एखादा किल्ला, मंदिर, मेळावा किंवा एखाद्या गावची नामांकित वस्तू घेऊन ते काढतात. त्याला नवे तिकीट लागत नाही. चित्र आणि शिक्का मात्र खास असतात. आणखी एक गंमत आहे. काही प्रसिद्ध स्थळांच्या पोस्टात चित्राचा कायमचा शिक्का असतो. तिथे गेलात तर आपलाच पत्ता घातलेले, तिकीट लावलेले पाकीट द्यायचे आणि तो शिक्का मारून मागायचा. पाकीट आपल्या आधी घरी पोचते की मागून, ते पाहण्यातही मजा असते.

स्वतंत्र भारताचे पहिले तिकीट २१ नोव्हेंबर १९४७ ला निघाले. त्यावर आपला तिरंगा झेंडा आणि 'जय हिंद' ही अक्षरे होती. १५ ऑगस्ट १९४९ ला सोळा तिकिटांची एक माळ निघाली. ती सगळी जुन्या लेण्यांची, मूर्तींची, मंदिरांची आणि इमारतींची. सर्वांत स्वस्त तिकीट तीन पैचे, म्हणजे पाव आण्याचे. त्यावर अजिंठ्याचा हत्ती होता. नऊ पैच्या तिकिटावर मुंबईजवळच्या घारापुरीची त्रिमूर्ती होती. दोन आण्यांवर नटराज, तीन आण्यांवर सांचीचा स्तूप, सहा आण्यांवर विजापूरचा गोल घुमट, बारा आण्यांवर अमृतसरचे सुवर्णमंदिर. ताजमहाल पाच रुपयांवर होता. पाच रुपयांचे तिकीट गरिबाच्या पत्राला कोण लावणार? पण अजिंठ्याचा हत्ती पाव आण्यात घरोघर गेला. मला हे फार आवडते. ज्यांनी अजिंठा जन्मात पाहिला नाही, त्यांच्या दारात तो पोस्टमनच्या पिशवीतून आला.

गोल घुमटावरून आठवले. मुंबईचे मोठे पोस्ट, जीपीओ म्हणतात ते, १९१३ साली बांधून झाले. त्याचा घुमट विजापूरच्या गोल घुमटावरून घेतलेला आहे. मुंबईला गेलात तर बोरीबंदर स्टेशनाशेजारी उभे राहून वर मान करून पहा.

प्राण्यांची तिकिटे जरा उशिरा आली. १९६२ साली गेंड्याचे निघाले. १९६३ साली पाच निघाली: गवा, लाल पांडा, हत्ती, वाघ आणि सिंह. गवा म्हणजे आपल्या राधानगरीच्या जंगलातला तोच. कुणी त्याला रानरेडा म्हणतात, पण तो रेडा नव्हे. १९७६ च्या बारशिंग्याबरोबर सिंह, बिबट्या आणि कॅराकल नावाचे रानमांजर होते. १९८० साली माळढोकाचे तिकीट निघाले. सोलापूरकडच्या म्हाताऱ्या माणसांनी माळढोक डोळ्यांनी पाहिला आहे. त्यांच्या नातवंडांना तो तिकिटावरच पाहावा लागेल की काय, अशी आज स्थिती आहे. किल्ल्यांची चार तिकिटे १९८४ साली आली. त्यांत ग्वाल्हेर, वेल्लोर आणि जोधपूर यांच्या जोडीला आपला सिंहगड होता. शिवरायांच्या काळचे बारा किल्ले २०२५ साली जागतिक वारशाच्या यादीत गेले. त्यांतले अकरा महाराष्ट्रात आहेत आणि बारावा, जिंजी, तमिळनाडूत आहे. या बारांपैकी एखादा तुमच्या गावाजवळ असेल, तर त्याच्या पायथ्याच्या पोस्टाचा साधा शिक्का मारलेले पाकीटदेखील ठेवण्याजोगे आहे.

खास पाकिटे जिल्ह्याच्या मोठ्या पोस्टात चौकशी केली तर मिळतात. मुंबई, पुणे, नागपूर येथे त्यासाठी वेगळी खिडकी असते. थोडी रक्कम आगाऊ भरून खाते उघडले, तर नवी तिकिटे घरी येतात. पण पैसे खर्च केलेच पाहिजेत असे नाही. घरात आलेले पाकीट फुकट असते, आणि त्याच्यासारखे दुसरे जगात नसते.

शिक्का मारून घेताना पोस्टातल्या माणसाला नम्रपणे सांगा, "साहेब, जरा सावकाश, स्पष्ट मारा." गर्दीच्या वेळी जाऊ नका. घाईत मारलेला शिक्का म्हणजे काळा डाग. पाकिटात एक जाड पुठ्ठ्याचा तुकडा घाला, म्हणजे शिक्का सरळ उमटतो आणि पाकीट दुमडत नाही.

जपताना चिकटपट्टी लावू नका. ती पुढे पिवळी पडते आणि कागद खाते. लॅमिनेशन तर मुळीच करू नका, ते पुन्हा निघत नाही. पाकीट वरच्या कडेने फाडण्याऐवजी बाजूने कात्रीने उघडा. पत्र त्याच्या त्याच पाकिटात ठेवा. शेणामातीचा, तेलाचा हात लावू नका. पावसाळ्यात ओल आणि कसर यांपासून जपा. पावसाळा संपला की पाकिटे सावलीत पसरा. उन्हात घालाल तर तिकिटाचा रंग उडेल. काही लिहायचे असेल तर पाठीमागे पेन्सिलीने लिहा.

आणि पैशाच्या आशेने या फंदात पडू नका. जुन्या तिकिटाला लाख रुपये मिळतात, असे सांगणारा कुणीतरी भेटतोच. एखाद्याच दुर्मिळ तिकिटाला तशी किंमत येते. बाकीची दहा-वीस रुपयांची. शिक्का पुसून तिकीट पुन्हा लावणे हा तर गुन्हा आहे.

आक्काचा पोरगा नंतर पुन्हा रायपूरला गेला. आता तो पत्त्यासकट पत्रे लिही. आक्का पत्र घेऊन आली की मी आधी शिक्का वाचून दाखवी, गाव आणि तारीख, आणि मगच पत्र. पाकीट तिच्या हातात परत देई आणि सांगे, "हे डब्यात ठेवा."

तिने ठेवले. गेल्या पावसाळ्यात तिची नातसून आमच्या वर्गात येऊ लागली. एके दिवशी तिने तो डबा आणला. तिने एका पाकिटावर बोट ठेवले आणि अक्षर लावून वाचले, "रा-य-पु-र." मग तारीख वाचली. मग दुसरे, मग तिसरे. अकरा पाकिटे तिने वाचली. तळाशी एक पत्र नुसतेच होते, चार ओळींचे.

ती म्हणाली, "गुरुजी, सगळ्यांना पाकीट आहे. या एकालाच कसं नाही?"

मग मी तिला ही हकीकत सांगितली. तिच्या आधी ती कुणालाच सांगितली नव्हती.