नट कशाचा करावा?

लेथ म्हटला की आपल्याला फिरणारे चक दिसते, हत्याराचे टोक दिसते, निघणारा कीस दिसतो. पण हत्याराला पुढेमागे नेणारा स्क्रू आणि त्यावर बसलेला नट यांच्याकडे कोणी फारसे पाहत नाही. ते आत दडलेले असतात. इंग्लंडातील हेन्री मॉडस्ले या कारागिराने सुमारे १८०० साली लीडस्क्रू बसवलेला, अचूक आटे पाडणारा लेथ तयार केला. तेव्हापासून आजवर नियम तोच आहे : स्क्रू आणि नट जितके खरे, तितके काम खरे.

नट झिजला की काय होते? हँडल फिरते, पण हत्यार जागचे हलत नाही. या रिकाम्या फिरण्याला कारखान्यात ‘प्ले’ म्हणतात. थोडा प्ले प्रत्येक यंत्रात असतोच. तो फार झाला म्हणजे मात्र पंचाईत.

एक हिशेब करू या. क्रॉस स्लाइडच्या स्क्रूचा पिच २.५ मिलिमीटर आहे. डायलवर ५० रेघा आहेत. म्हणजे एक रेघ ०.०५ मिलिमीटरची. हँडल उलटे फिरवताना ८ रेघा रिकाम्या गेल्या, तर प्ले झाला ०.४ मिलिमीटर. आता हत्यार जास्त पुढे गेले म्हणून कारागिराने ते ८ रेघा मागे घेतले. त्याला वाटले, हत्यार मागे आले. प्रत्यक्षात ते तिथेच आहे! शाफ्ट दोन्ही अंगांनी कापला जातो. म्हणून त्याची जाडी दुप्पट, म्हणजे ०.८ मिलिमीटरने कमी भरली. त्यावर बेअरिंग बसायचे नाही. माल गेला, मजुरी गेली. शिवाय कटिंग टूल लावले असता ढिल्या नटामुळे ते कामात ओढले जाते आणि मोडते. तुकडा डोळ्यांत उडाला तर नुकसान पैशाचेच राहत नाही.

आधी तपासा, मग नट करा

सगळा दोष नटाचाच असतो असे नाही. स्क्रूच्या टोकाची कॉलर सैल असेल तरी हँडल रिकामे फिरते. ती आधी घट्ट करून पाहा. मग स्क्रू पाहा. यंत्राचे काम बहुतेक मधल्या भागात चालते, म्हणून स्क्रू मध्ये जास्त झिजतो, टोकाला कमी. अशा स्क्रूवर नवा नट टोकाशी नीट बसेल, पण मध्ये सैल पडेल. मध्यावर बेताचा केला, तर टोकाशी अडकेल. स्क्रू फार झिजला असेल, तर दोन्ही बदलावे लागतात.

नट नरम का असावा?

कोणी विचारील, “मास्तर, नट चांगल्या पोलादाचाच केला तर? जन्मभर टिकेल की!” तसे होत नाही. पोलादावर पोलाद दाबून घासले की तेल कमी पडताच दोन्ही एकमेकांना धरतात. आटे फाटतात आणि स्क्रूही खराब होतो. स्क्रू लांब, महाग आणि करायला अवघड. नट आखूड, स्वस्त आणि करायला सोपा. म्हणून झिजायचेच असेल, तर नटाने झिजावे, स्क्रूने नव्हे. हे तत्त्व ध्यानात ठेवा, म्हणजे पुढचे सारे आपोआप समजेल.

कोणता माल कुठे?

१. गनमेटल आणि फॉस्फर ब्राँझ. गनमेटलमध्ये १०० भागांत सुमारे ८८ भाग तांबे, १० भाग कथील आणि २ भाग जस्त असते. फॉस्फर ब्राँझमध्ये तांबे, कथील आणि थोडा फॉस्फरस असतो. पोलादी स्क्रूवर हा माल उत्तम चालतो. महाग आहे, पण नटाला लागतो केवढा? मूठभर. रोजच्या कामाच्या लेथला हाच वापरावा.

२. पितळ. कापायला फार सोपे. हलक्या कामाला, लहान यंत्राला चालते. भारी कामात लवकर झिजते. भंगारातून पिवळा तुकडा घेऊन त्यालाच गनमेटल समजू नका. गनमेटलच्या ताज्या कापात तांबूस झाक असते, पितळ पिवळे दिसते.

३. बीड. बिडात ग्रॅफाइटचे बारीक पापुद्रे असतात, पेन्सिलीतल्या शिशासारखे. त्यामुळे तेल दिले की बीड पोलादावर चांगले सरकते, आणि स्वस्तही पडते. मात्र ते ठिसूळ असते. बारीक आटे धक्क्याने तुटतात. जाड आट्यांच्या नटालाच ते वापरावे.

४. ॲल्युमिनियम. सहज मिळते, म्हणून मोह होतो. पण ते स्क्रूला चिकटते आणि आटे ओरबाडले जातात. टाळावे.

५. नायलॉन. घासायला चांगले, आवाज कमी. पण ते हवेतला ओलावा पिते आणि फुगते. उन्हाळ्यात नीट बसवलेला नट कोकणच्या पावसाळ्यात जड फिरू लागतो.

६. ॲसिटल. १९६० साली डेल्रिन या नावाने बाजारात आलेले हे प्लॅस्टिक. नायलॉनपेक्षा पाणी फार कमी पिते, गुळगुळीत असते, प्ले कमी ठेवता येतो. हलक्या यंत्राला फार छान. काही हौशी कारागीर ते तापवून, मऊ करून स्क्रूभोवती दाबतात आणि आटे उठवतात. पण सावध! जास्त तापले तर त्यातून फॉर्मल्डिहाइड हा विषारी वायू निघतो. त्याला ज्योत लावू नका. बंद खोलीत तापवू नका. टॅपने किंवा हत्याराने आटे पाडणे हाच बरा मार्ग.

करताना चार गोष्टी

पहिली : आटे उजवे की डावे ते बघा. क्रॉस स्लाइडचा स्क्रू पुष्कळदा डाव्या आट्यांचा असतो. महागाचा तुकडा भोक पाडून झाल्यावर हे कळले, तर उपयोग नाही.

दुसरी : आट्यांचा कोन मोजा. ॲक्मे आटा २९ अंशांचा, मेट्रिक ट्रॅपेझॉइडल आटा ३० अंशांचा. दिसायला भाऊभाऊ, पण एकाचा नट दुसऱ्याला लावू नये.

तिसरी : नटाची लांबी स्क्रूच्या जाडीच्या दीड ते दोन पट ठेवा. २० मिलिमीटरच्या स्क्रूला ३० ते ४० मिलिमीटरचा नट पुरतो.

चौथी : स्वच्छता. नरम नटात लोखंडाचा कीस रुतला की तो कानशीसारखा स्क्रूला घासतो. मग झिजू नये तो स्क्रूच झिजतो. म्हणून रोज कीस ब्रशने झाडा आणि मगच तेल द्या. मळक्या स्क्रूवर तेल ओतले, तर कीस आतच जातो.

नवा नट बसल्यावरही एक सवय ठेवा. हत्यार मागे घ्यायचे असेल, तर अर्धा फेरा जास्त मागे न्या आणि पुन्हा पुढे येत रेघेवर आणा. मग उरलासुरला प्ले कामात येत नाही.

यंत्र विकत घ्यायला पैसा लागतो. ते नीट ठेवायला समज लागते. मूठभर गनमेटल, एक दिवसाची मेहनत आणि थोडा हिशेब, एवढ्यावर जुना लेथ पुन्हा खरे काम देऊ लागतो.

प्रश्न

१. नट स्क्रूपेक्षा नरम का असावा?
२. स्क्रूचा पिच ४ मिलिमीटर आहे, डायलवर ८० रेघा आहेत. ६ रेघा रिकाम्या जातात. प्ले किती?
३. नवा नट करण्याआधी कोणत्या दोन गोष्टी तपासाव्या?
४. आपल्या कारखान्यातील एका यंत्राचा नट कशाचा आहे, ते पाहा आणि वहीत चार ओळी लिहा.