चित्राआधी गोळी नको

मेंदूतील रक्तवाहिनी फुटलेला रुग्ण आणि रक्ताची गुठळी अडकून मेंदूचा पुरवठा तुटलेला रुग्ण शेजारशेजारच्या खाटांवर निजवले, तर वाकडे तोंड, लुळा हात आणि बोबडे बोलणे अशी दोघांची अवस्था इतकी सारखी दिसते, की निष्णात वैद्यालाही केवळ पाहून खात्रीचा निवाडा देता येत नाही. आणि ज्यांची चिकित्सा अनेक बाबतींत परस्परविरुद्ध, अशा या दोन व्याधींचा चेहरा एकच असल्यामुळे घरच्या माणसांच्या हातून केवढा अनर्थ ओढवू शकतो, हे मी माझ्या थोरल्या बंधूंच्या दुखण्यात पाहिले.

पैठण तालुक्यातील आमच्या गावी सकाळी स्नान उरकून दादा धोतर नेसत असता डाव्या हातातून निऱ्या निसटू लागल्या. वहिनींनी विचारले, तेव्हा "काही नाही, हात बधिर झालाय," एवढेच शब्द त्यांनी कसेबसे जुळवले. आळीतली मंडळी जमली, अंगावरून वारे गेले असे सर्वानुमते ठरले आणि जो तो सद्भावनेनेच उपचाराला लागला. हृदयविकार असलेल्या शेजाऱ्यांनी आपल्याजवळची रक्त पातळ करणारी गोळी दिली. दवाखान्यात काम केलेल्या एका इसमाने रक्तदाब फार चढलेला पाहून तो उतरवणारी कॅप्सूल जिभेखाली फोडली. वहिनींनी पाजलेला चहा ओठाच्या कोपऱ्यातून गळ्यावर ओघळला आणि दादांना जबर ठसका लागला. पुढे तालुक्याच्या एका रुग्णालयात, जेथे सी. टी. स्कॅनची सोयच नव्हती, सलाईन लावून त्यांना बराच वेळ ठेवून घेतले. छत्रपती संभाजीनगरात, जेथे मी राहतो, ते पोहोचले तेव्हा दुपार उलटली होती.

तेथे सी. टी. स्कॅन होताच पडद्यावर मेंदूच्या उजव्या भागात खोलवर एक शुभ्र डाग उमटला. ताजे रक्त या चित्रात पांढरेच दिसते. डॉक्टरांनी विचारले, धडधाकट असे यांना शेवटचे केव्हा पाहिले, आणि सकाळपासून कोणते औषध पोटात गेले? गोळीचे नाव कोणालाच सांगता येईना, कारण वेष्टन गावी शेजाऱ्यांच्या कोनाड्यात राहिले होते.

त्या दोन औषधांचा विचार मी पुढे पुष्कळ केला. रक्तस्राव असेल तर रक्त पातळ करणारी गोळी घातक. गुठळी असेल तर रक्तदाब एकाएकी पाडणे घातक, कारण अडलेल्या भागाला जे थोडे रक्त मिळत असते तेही आटते. म्हणजे व्याधी कोणतीही निघाली असती, तरी दोहोंपैकी एक औषध अपायकारक ठरणारच होते. हा केवळ माझा तर्क नव्हे. चीनमध्ये रुग्णवाहिकेतच रक्तदाब उतरवण्याचा प्रयोग सुमारे 2,400 रुग्णांवर झाला आणि 2024 साली त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला: रक्तस्राव झालेल्यांना लाभ, गुठळी अडकलेल्यांना अपाय, आणि एकत्र हिशेबात काहीच फरक नाही. प्रशिक्षित हातांची ही कथा. मग आळीतल्या उपचाराचे काय सांगावे!

1 ऑक्टोबर 1971 रोजी लंडनमधील विंबल्डन येथे रुग्णाच्या मेंदूचे पहिले सी. टी. स्कॅन झाले आणि हा निवाडा जिवंतपणी, काही मिनिटांत करणे शक्य झाले. त्या चित्रावाचून पुढचे काहीच नीट होत नाही. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन तीन तासांच्या आत दिल्यास उपयोगी पडते हे 1995 साली सिद्ध झाले, 2008 साली ती मुदत साडेचार तासांपर्यंत वाढली, आणि निवडक रुग्णांची गुठळी नळीवाटे ओढून काढण्याची शस्त्रक्रिया आज 24 तासांपर्यंतही करता येते. पण घड्याळ धरायचे ते रुग्ण शेवटचा धडधाकट दिसला त्या क्षणापासून. रात्री चांगला निजलेला माणूस पहाटे लुळा उठला, तर निजण्याची वेळच सांगावी. रक्तस्रावाच्या बाबतीत तर पूर्वी हतबलताच फार होती. ती 2023 सालच्या एका मोठ्या अभ्यासाने बरीच दूर केली: रक्तदाब, साखर, ताप आणि रक्त पातळ करणाऱ्या औषधाचा प्रभाव, या चारही गोष्टी तातडीने एकत्र आटोक्यात आणल्या, तर अधिक रुग्ण सावरतात. भारतही त्या अभ्यासात सहभागी होता.

म्हणून वाचकांना कळकळीने सांगतो: गोळी नको, तेल चोळणे नको, आणि गिळता येते की नाही याची तपासणी होईपर्यंत पाणीसुद्धा नको. 108 क्रमांकावर दूरध्वनी करावा, चालू औषधांची पाकिटे पिशवीत घालावीत, वेळ कागदावर लिहावी, आणि अहोरात्र स्कॅन चालणाऱ्या ठिकाणी थेट जावे. आपल्या भागात तशी सोय कोठे आहे, याची चौकशी घरात सारे सुखरूप असतानाच करून ठेवावी. सारा मराठवाडा ज्याला घाटी म्हणून ओळखतो त्या छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय रुग्णालयाकडे दूरदूरच्या तालुक्यांतून माणसे निघतात. वाटेतल्या प्रत्येक मुक्कामाची किंमत मेंदू मोजतो.

दादा वाचले. डावा हात अद्याप पुरता वळत नाही, पण काठीवाचून अंगणात फिरतात. रक्तदाबाची गोळी आता बरे वाटत असतानाही रोज घेतात. दुखण्यापूर्वी त्यांनी ती बरे वाटते म्हणूनच बंद केली होती.