राष्ट्रपती, लष्करी सचिव आणि वायुदल

संविधानाच्या अनुच्छेद ५३ अन्वये संरक्षण दलांचे सर्वोच्च आधिपत्य राष्ट्रपतींकडे असून त्याचा वापर कायद्याने विनियमित होतो. राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागतात. सारांश, शस्त्रधारी दले लोकनियुक्त सत्तेच्या अधीन आहेत, हे या तरतुदीचे मर्म होय.

या व्यवस्थेचे दैनंदिन रूप राष्ट्रपती भवनात दिसते. मेजर जनरल किंवा तत्सम दर्जाचा अधिकारी राष्ट्रपतींचा लष्करी सचिव असतो. वायुदलात हा दर्जा एअर व्हाइस मार्शलचा होय. समारंभ, दौरे व राजशिष्टाचार यांची व्यवस्था त्याच्याकडे असते. युद्धविषयक सल्ला देणे हे त्याचे काम नव्हे. त्याच्या जोडीला तिन्ही दलांतून निवडलेले परिसहायक असतात. पाच वर्षांनी राष्ट्रपती बदलतात, परंतु या अधिकाऱ्यांची निष्ठा व्यक्तीशी नसून पदाशी असते.

वऱ्हाडाला या विषयाचे विशेष अगत्य वाटावे, असा एक प्रसंग आहे. १९९१ ते १९९६ या काळात लोकसभेत अमरावतीचे प्रतिनिधित्व करणाऱ्या श्रीमती प्रतिभाताई पाटील २५ जुलै २००७ रोजी देशाच्या पहिल्या महिला राष्ट्रपती झाल्या. २५ नोव्हेंबर २००९ रोजी, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी पुण्याच्या लोहगाव तळावरून सुखोई-३० विमानातून उड्डाण केले. त्या वेळी वायुदल प्रमुखपदी होते नागपूरचे एअर चीफ मार्शल प्रदीप वसंत नाईक.

श्री. नाईक यांची वाटचाल शिक्षकांनी विद्यार्थ्यांस आवर्जून सांगावी अशी आहे. देशातील पहिली सैनिकी शाळा १९६१ साली सातारा येथे सुरू झाली. ते तिचे विद्यार्थी. जून १९६९ मध्ये ते लढाऊ वैमानिक म्हणून वायुदलात दाखल झाले. पुढे मध्य वायु विभागाचे प्रमुख व वायुदलाचे उपप्रमुख या पायऱ्या चढून, सुमारे चाळीस वर्षांच्या सेवेनंतर, ३१ मे २००९ रोजी त्यांनी सर्वोच्च पद स्वीकारले. ३१ जुलै २०११ रोजी ते निवृत्त झाले.

ही वाट अमरावती-अकोल्याच्या खेड्यांतील मुलांसही खुली आहे. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची परीक्षा बारावीच्या टप्प्यावर देता येते. तिच्या पूर्वतयारीसाठी राज्य शासनाने १९७७ साली औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, येथे संस्था स्थापन केली. २०२२ पासून प्रबोधिनीत मुलींनाही प्रवेश मिळू लागला आहे. तथापि परीक्षेची माहिती वेळेवर न पोहोचल्यास गुणवान विद्यार्थीही मागे राहतो. शाळा व ग्रामपंचायतींच्या सूचनाफलकावर ही माहिती दरवर्षी लावली गेल्यास तेही मोलाचे राष्ट्रकार्य ठरेल.