मोबाइल स्टार्टर व ओलावा सांगणारी साधने : उपयोग आणि दक्षता

विहिरीवरील पंप चालू करण्यासाठी रात्री-अपरात्री शेतावर जावे लागणे, ही महाराष्ट्रातील बागायतदाराची जुनी अडचण आहे. शेतीपंपांना काही दिवस दिवसा व काही दिवस रात्री वीज मिळावयाची, अशी पाळी अनेक गावांत अद्यापि चालू आहे. अंधारात बांधावरून जाताना साप-विंचवाचे भय असते, आणि ओल्या हाताने स्टार्टरच्या पेटीस स्पर्श झाल्यामुळे प्राण गमावल्याच्या घटनाही घडतात. मोबाइलच्या जाळ्याशी जोडलेल्या ज्या नव्या साधनांचा आज सर्वत्र बोलबाला आहे, त्यांपैकी मोबाइल स्टार्टर हे साधन खेड्यांत झपाट्याने पसरले, त्याचे कारण हेच होय. शहरातील घरी दिवे व पंखे फोनवरून चालविणे ही केवळ सोय आहे. शेतावर तीच युक्ती माणसाची रात्रीची फेरी वाचविते.

या साधनाची रचना समजून घेणे कठीण नाही. नेहमीच्या स्टार्टरला एक लहान पेटी जोडलेली असते व तिच्यात सिम कार्ड बसविलेले असते. शेतकऱ्याने नोंदविलेल्या क्रमांकावरून फोन अगर संदेश गेला, की पेटी प्रथम तिन्ही फेज आल्या आहेत काय व दाब पुरेसा आहे काय हे पाहते आणि मगच मोटर चालू करते. एखादी फेज गेली तर मोटर बंद करून मालकास तसे कळविते. विहिरीचे पाणी तळाला गेले म्हणजे मोटरवरील भार उतरतो व ती ओढीत असलेला प्रवाह कमी होतो. ही खूण ओळखून चांगली पेटी पंप थांबविते. पाण्यात बुडून चालणारा पंप त्या पाण्यानेच थंड राहत असल्याने तो कोरडा चालणे फार घातक असते. मोटर भरून आणण्याचा खर्च व ऐन पाण्याच्या पाळीत होणारा खोळंबा ध्यानात घेतल्यास, दुरून पंप चालू करण्यापेक्षा त्याला वेळेवर बंद करण्याचा गुणच अधिक मोलाचा ठरतो.

तथापि या साधनाचा एक दोष संपूर्ण शिवाराला भोवू शकतो. वीज येताच आपोआप पंप चालू करणारा जुना 'ऑटो' बहुतेकांच्या परिचयाचा आहे. मोबाइल स्टार्टरमध्येही तीच सोय असते व पुष्कळ ठिकाणी ती सदैव चालू ठेवली जाते. याचा परिणाम पाहण्यासाठी साधा हिशेब करावा. ५ अश्वशक्तीची मोटर नेहमी ७ ते ८ अँपिअर प्रवाह घेते. परंतु थेट चालू होणारी मोटर सुरू होण्याच्या क्षणी तिला सुमारे सहापट प्रवाह लागतो. ६३ केव्हीएच्या डी.पी.ची क्षमता सुमारे ८५ अँपिअरची असते. तिच्यावर असे १० पंप असतील, तर ते चालत असताना भार क्षमतेच्या आत राहतो. मात्र वीज येताक्षणी दहाही मोटरी एकदम सुरू झाल्या, तर काही क्षण चारशेहून अधिक अँपिअरची ओढ लागते. दाब कोसळतो, मोटरी गुरगुरत राहतात, फ्यूज जातात आणि हेच रोज घडू लागले म्हणजे डी.पी. जळते. मग ती बदलून मिळेपर्यंत दहाही जणांची पिके तहानलेली राहतात.

यावरील उपायास पैसा लागत नाही. बहुतेक पेट्यांत वीज आल्यानंतर किती वेळाने मोटर चालू व्हावी हे ठरविता येते. एका डी.पी.वरील सर्व शेतकऱ्यांनी एकत्र बसून क्रम लावून घ्यावा: पहिल्याने ३० सेकंद, दुसऱ्याने ६० सेकंद, तिसऱ्याने ९० सेकंद. दहा पंप पाच मिनिटांत सुरळीत चालू होतात. जुन्या ऑटोत ही सोय नसेल, तर त्याच्या मालकाने तो काढून टाकावा. गावपातळीवरील कार्यकर्त्याने एखाद्या डी.पी.वर ही यादी करवून स्टार्टरच्या प्रत्येक पेटीत चिकटविली, तर भाषणांपेक्षा अधिक काम होईल. पाळी कोणाची पहिली, यावरून वाद होतो. तेव्हा दर महिन्यास क्रम फिरवावा. प्रत्येक मोटरीस योग्य कपॅसिटर असणे मात्र तरीही आवश्यकच राहते.

दुसरा धोका माणसाच्या जिवाशी निगडित आहे व त्याचा विचार फारच थोडे लोक करतात. पूर्वी पंप चालू करणारा माणूस पंपापाशीच उभा असे. विहिरीत कोण उतरले आहे हे त्याला दिसे. आता मुलगा पुण्यास नोकरीला आणि वडील विहिरीवर, अशी स्थिती असते. वडिलांनी फूटव्हॉल्व्हचा गाळ काढण्यासाठी अगर पट्टा बदलण्यासाठी हात घातला असेल आणि त्याच क्षणी मुलाने फोनवरून मोटर चालू केली, तर काय होईल हे सांगावयास नको. म्हणून दुरुस्तीपूर्वी फोनवरून पंप बंद केला एवढ्यावर विसंबू नये. मेन स्विच पाडावा, फ्यूजच्या तिन्ही किटकॅट काढून आपल्या खिशात ठेवाव्यात व काम संपल्यावरच त्या परत बसवाव्यात. पेटीत कोणाकोणाचे क्रमांक नोंदविले आहेत हे घरातील सर्वांना ठाऊक असावे आणि सोडून गेलेल्या सालगड्याचा क्रमांक त्याच दिवशी काढून टाकावा.

साधन घेताना सिमची चौकशी करावी. जुन्या घडणीच्या पेट्या केवळ २जी सेवेवर चालतात व ती सेवा सर्व कंपन्यांकडे नाही. शेतात ज्या कंपनीचे जाळे पोहोचते, तिच्या सिमवर पेटी चालवून दाखविल्याशिवाय पैसे देऊ नयेत. घरी चालली, म्हणून विहिरीवर चालेलच असे नाही.

पाणी सोडण्याची सोय झाली, की किती पाणी सोडावे हा प्रश्न उरतो. घरबसल्या पंप चालू करता येऊ लागल्यावर पाणी अधिक दिले जाण्याचा संभव असतो, कारण पूर्वी दारे धरताना पायाखालची ओल आपोआप कळे. यासाठी जमिनीत पुरून ठेवावयाचे ओलावामापक सेन्सर आता मिळतात. ते ठिबकच्या तोटीजवळ, मुळांच्या कक्षेत दोन खोलींवर बसवावेत. उदाहरणार्थ, एक २० व दुसरा ४० सेंटिमीटरवर. मुळे वरच्या थरात असताना प्रत्येक पाळीनंतर खालचा आकडाही चढत असेल, तर पाणी मुळांखाली निघून जात आहे व त्याबरोबर नत्रही वाहून जात आहे, असे समजावे.

फोनवर दिसणारा आकडा मात्र जसाच्या तसा मानू नये. मुरमाड जमिनीत जो आकडा पुरेशी ओल दाखवितो, तोच भारी काळ्या जमिनीत पिकास ताण बसल्याचे लक्षण असू शकतो. कारण चिकण माती बरेचसे पाणी स्वतःपाशीच धरून ठेवते. काळ्या जमिनीत आणखी एक अडचण आहे. ती वाळताना भेगाळते, सेन्सरभोवती पोकळी होते आणि तो मातीऐवजी हवेचा ओलावा मोजू लागतो. यासाठी सेन्सर बसविताना त्याच रानातील माती बारीक करून, तिचा चिखल भोवती घट्ट भरावा. शेतकऱ्यास वाफसा ओळखता येतो, हे ज्ञान येथे उपयोगी पडते. पाणी दिल्यानंतर माती मुठीत दाबून पाहावी आणि वाफसा आला असे वाटेल त्या वेळचा आकडा वहीत लिहावा. दोन-तीन पाळ्यांत आपल्या रानाचा आकडा हाती येतो. विक्रेत्याच्या पत्रकात छापलेल्या आकड्यापेक्षा तो अधिक भरवशाचा असतो.

नाशिक व सांगलीकडील द्राक्षबागांतून हवामानाची लहान केंद्रेही दिसू लागली आहेत. त्यांतील पानाचा ओलेपणा मोजणारी पट्टी विशेष कामाची आहे. केवड्याचे बीजाणू पानावरील पाण्याच्या पातळ थरातून पोहत जाऊन पर्णरंध्रांतून आत शिरतात. म्हणून ऑक्टोबर छाटणीनंतर घड बाहेर पडताना पाने किती तास ओली राहिली, यावर फवारणीचा निर्णय घेता येतो. ही पट्टी बागेच्या कडेला उघड्यावर टांगली तर ती लवकर वाळते व खोटा दिलासा देते. ती वेलींच्या छत्रातच असावी. आणि पट्टी कोरडी आहे म्हणून भुरीबद्दल निश्चिंत राहू नये. भुरीला पान ओले असावे लागत नाही. ढगाळ व दमट हवा तिला पुरते.

महसूल मंडळातील स्वयंचलित केंद्राचे आकडे मोबाइलवर पाहावयास मिळतात, तेही उपयुक्त आहेत. परंतु एकाच मंडळात एका शिवारी झड लागते आणि दुसरे कोरडे राहते, हा सर्वांचा अनुभव आहे. स्वतःच्या रानात साधे पर्जन्यमापक लावून रोज सकाळी ठरावीक वेळी नोंद ठेवणाऱ्यास दोन्ही आकडे ताडून पाहता येतात.

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ साली सुरू झाली व तिचा दुसरा टप्पा २०२३ मध्ये हाती घेण्यात आला. ज्या वाहिन्यांवर तिच्यामुळे दिवसा वीज मिळू लागली आहे, तेथे रात्रीच्या फेरीसाठी मोबाइल स्टार्टर घेण्याची निकड उरत नाही. घर विहिरीजवळ असेल, तर फेज जाण्यापासून व कोरडे चालण्यापासून मोटरीस वाचविणारी साधी पेटी पुरते. अंतर मोठे असेल, माणूसबळ कमी असेल किंवा पाळी रात्रीचीच असेल, तर मात्र हा खर्च योग्य ठरतो. असे साधन बसविल्यावर सिमच्या रिचार्जची मुदत पेटीच्या दाराच्या आतील बाजूस खडूने लिहून ठेवावी. ती संपली, की पेटी कोणतीही सूचना न देता मुकी होते आणि शेतकरी मात्र पंप चालू झाला असे समजून निजतो.